तिला नाही म्हणायची जागा

चार वर्षं मी एका खेळासाठी लिहीत होतो. मैदानावरचा नव्हे, कॉम्प्युटरवरचा. बदनापुरात हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण खेळ प्रौढांसाठीचा होता. स्क्रीनवर चित्र येतं, खाली पात्रांचं बोलणं येतं, बटण दाबलं की पुढचं वाक्य. गोष्ट अशी सरकत जाते आणि मधेच थांबते. समोर दोन-तीन पर्याय येतात. खेळणाऱ्यानं एक निवडला की गोष्ट त्या बाजूला वळते. कादंबरीच म्हणा, फक्त वाचणाऱ्याला त्यात हात घालता येतो. आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी एक भाग काढायचो, आणि प्रत्येक भागात एखाद-दोन प्रसंग असे असायचे की बहुतेक लोक त्यांच्यासाठीच खेळ घ्यायचे. तेही मीच लिहायचो.

चित्रं माझा मित्र करायचा. कॉलेजपासूनचा. जालन्यात त्याचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता. कोरोनात लग्नं बंद पडली तसा तो घरी बसून कॉम्प्युटरवर माणसं घडवायला शिकला. माणसं खोटीच, पण केसांवर ऊन पडलं की खरी वाटावीत अशी. मी जालन्यात इंग्रजी बोलायचे क्लास घ्यायचो, रोज पॅसेंजरनं जाऊन-येऊन. क्लासही बंदच होते.

"चित्रं मी करतो, डायलॉग तू लिव," तो म्हणाला. "बाहेरच्या मुलखातले लोक खेळतेत हे. आपल्याकडचं कोणी पाहणार न्हाई, यार."

पहिले दोन भाग अगदीच सुमार होते. एक तरुण मोठ्या शहरात येतो, तिथं त्याला बायका भेटतात. मी कधी पाहिलेलं नाही असं शहर, कधी ऐकलेलं नाही असं बोलणं. लोक यायचे, बघायचे, निघून जायचे. मित्र म्हणाला, चित्रं चांगली आहेत पण माणसं बोलत नाहीत. खरं होतं. मग तिसऱ्या भागात मी एक बाई आणली. ती माझी बहीण होती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती सासर सोडून माहेरी आली, आई-वडील गेले, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. माझं लग्न ठरायचं आणि मोडायचं, पुढं मीच नाद सोडला. तिचं लग्न आष्टीला झालेलं. सासरी खाऊन-पिऊन बरं होतं, मारझोड नव्हती. मारझोड असती तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. तिच्या नवऱ्यानं तिच्याशी बोलणं बंद केलं होतं. कशावरून, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचा, आईशी बोलायचा, फोनवर हसायचा. ही समोर आली की गप्प. ताट वाढलं की जेवायचा, कपडे काढून ठेवले की घालायचा. असं दोन वर्षांच्या वर चाललं.

मग ताई दोघांचंही बोलायला लागली. स्वैपाकघरात, हळू आवाजात. "आज डाळ खारट झाली का?" आणि मग जाड आवाज काढून, "न्हाई, बराबर हाय." एकदा सासूनं ऐकलं. सुनेला बाहेरचं झालं असं घरात ठरलं, आणि कुण्या बाबाकडे न्यायचा दिवसही ठरला. त्याच्या आदल्या दुपारी ताईनं धुणं वाळत घातलं, हात पुसले, ब्लाऊजच्या तुकड्यांची शिवलेली पिशवी घेतली आणि जीपमध्ये बसून परतूर स्टेशनवर आली.

हे सगळं तिनं मला सांगितलं होतं, एका बैठकीत नाही. शिलाई मशीनवर बसली की ती बोलायची. मी पलंगावर पाय सोडून ऐकायचो. स्टेशनवरचं तर तिनं फक्त मलाच सांगितलेलं. जालन्याकडची गाडी खूप लेट होती. बाकावर शेजारी एक माणूस येऊन बसला. गावोगाव फिरून वजनकाटे दुरुस्त करायचा, सोबत हत्यारांची पेटी होती, परभणीला निघाला होता. त्यानं विचारलं, "कुठं जायचं तुमाला?" ताईच्या तोंडातून शब्द फुटेना. "नका सांगू," तो म्हणाला आणि चहा घेऊन आला. दोन तास ते दोघं बोलत बसले. काय बोलले म्हणावं तर काहीच नाही. काट्याबद्दल, पावसाबद्दल, त्याच्या पोरीच्या शाळेबद्दल. बायको वारलेली होती त्याची.

"त्याच्या गाडीची घंटी झाली," ताईनं मला सांगितलं होतं, "तव्हा तो उठला, पेटी उचलली अन् म्हणला, येता का? वाईट बोलला न्हाई रे. जसं इचारावं तसं इचारलं. माझं मन झाल्तं जावं. खरं सांगते, झाल्तं."

हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आणि त्याच वेळी, हे कबूल करायला हवं, मला वाटलं होतं की ही गोष्ट लिहिण्यासारखी आहे.

मी लिहिली. तिसऱ्या भागात ते घर, ते न बोलणं, दोन्ही बाजूंनी बोलणारी बाई. गावाचं नाव काढलं, देश बदलला, डाळीच्या जागी सूप आणलं. बाकी सगळं तसंच. मित्रानं स्वैपाकघराच्या खिडकीतून येणारा उजेड असा केला की मी स्वतः बघत राहिलो. लोक थांबायला लागले. लिहून कळवायला लागले. पुढच्या भागाची वाट पाहतो म्हणाले. चौथ्या भागात ती घरातून निघाली आणि स्टेशनवर आली.

त्यानंतर आमच्या खेळावर कुणीतरी एक लांबलचक परीक्षण लिहिलं. कुठल्या देशातला माणूस, की बाई, कोण जाणे. जमेच्या बाजू वेगळ्या, उणिवा वेगळ्या, मुद्देसूद. जमेच्या बाजूला लिहिलं होतं की या खेळातली शांतता ऐकू येते. ती बाई एकटी दोघांचं बोलते तो प्रसंग आपण परत परत खेळलो. आणि अशा खेळांत चाळीस वर्षांची, थकलेली, विनोद करू शकणारी बाई सहसा नसते. मी ते पॅसेंजरमध्ये उभ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. क्लासमध्ये शिकवता शिकवता आठवून मला हसू यायचं.

उणिवाही होत्या. दोन भागांत इतके महिने जातात की आपण काय निवडलं होतं तेच खेळणारा विसरतो. बिछान्यातले प्रसंग दुसऱ्याच गोष्टीतून कापून आणून चिकटवल्यासारखे वाटतात. पुरुषांचे चेहरे सगळे एकसारखे. आणि शेवटची उणीव अशी, की पर्याय नावाचेच आहेत. तीन दारं दाखवायची आणि तिन्ही एकाच खोलीत उघडायची. त्यातही ती बाई समोरच्याला हवं ते लगेच कबूल करते. तिसऱ्या भागात तिला जे मन होतं ते आता कुठं गेलं, असं त्यानं विचारलं होतं.

हा भाग मी एकदाच वाचला. मित्राला म्हणालो, "दोन भागांत कमी वेळ जायला पाह्यजे, बस." तो म्हणाला, "मी एकटा माणूस. एकेका चित्राला कॉम्प्युटर घंटाघंटा तापून राह्यलाय."

पाचव्या भागाआधी आम्ही लोकांचं मत घेतलं. खेळासाठी दर महिन्याला पैसे देणाऱ्यांना तो हक्क होता. बाई स्टेशनवर आहे, पुढं काय व्हावं? जवळपास सगळ्यांचं एकच आलं. तिनं त्या माणसाबरोबर जावं, आणि पुढचं सगळं दाखवावं. मी लिहिलं. लिहिताना जड गेलं असं आज म्हणणं सोपं आहे. पण तेव्हा जड गेलं नव्हतं. दोन दुपारी लागल्या.

पाचवा भाग बाहेर पडल्यावर एका रविवारी मित्र आमच्याकडे आला. चित्रं दाखवायची होती. आम्ही पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो. ताई चहा घेऊन आली. मित्रानं पटकन स्क्रीन झाकायला हवी होती, पण त्या चित्रात झाकण्यासारखं काही नव्हतं. एक बाई बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी. ताईनं कप खाली ठेवले. क्षणभर बघितलं. "साखर कमी असंल तर सांगा," म्हणाली आणि आत गेली.

मित्र गेल्यावर मी आत गेलो. ती मशीनपाशी बसली होती, पण मशीन चालू नव्हती.

"त्या चितरातली पिशवी माझी हाय," ती म्हणाली.

पिशवीचा फोटो मीच मित्राला पाठवला होता, तरी मी म्हणालो, "पिशव्या सारख्याच असतेत."

"लाल तुकडा कोपऱ्यात, त्याच्या खाली पोपटी. माझ्या लग्नातल्या ब्लाऊजचं कापड हाय ते." तिचा आवाज चढला नव्हता. "काय करून राह्यलेत तुमी दोघं?"

मी सांगितलं. अर्धं सांगितलं. गोष्ट आहे म्हणालो, चित्रांची, बाहेरच्या लोकांसाठी.

"वाच."

"इंग्रजीत हाय ताई."

"मंग मराठीत सांग. तुला दोन्ही येतं ना."

मी लॅपटॉप तिच्या मशीनच्या फळीवर ठेवला आणि तिसऱ्या भागापासून सांगायला लागलो. सूपच्या जागी आपोआप डाळ आली. ती कात्री हातात धरून ऐकत होती. सासूचं बोलणं आलं तेव्हा एकदा हसली. "हे बिलकुल तसंच हाय," म्हणाली. "तुला आवाज बराबर सापडला तिचा." बाई दोन्ही बाजूंनी बोलते तिथं ती खाली बघायला लागली, पण थांब म्हणाली नाही. मला वाटलं, होतंय बरं. मला वाटलं, हिला आवडतंय. खरंच तसं वाटलं मला.

स्टेशनवर आलो. चहा आला. घंटा झाली. मी थांबलो.

"थांबला कामून?"

"इथं खेळणाऱ्यानं निवडायचं असतं."

"काय काय हाय निवडायला?"

मी स्क्रीनकडे बघत सांगितलं. "त्याच्यासंगं उठून डब्यात चढ. त्याचा हात धर. गप बसून राहा."

"गप बसली तर?"

"तर तो तिचा हात धरतो अन् दोघं चढतेत."

"म्हंजी तिन्हीकडून जातेच."

"हो."

"अन् न्हाई म्हणायचं कुठं हाय?"

मी स्क्रीनवरचे तिन्ही पर्याय पुन्हा वाचले. तिनं कात्री फळीवर ठेवली.

"मी न्हाई म्हणले होते," ती म्हणाली. "तुला सांगितल्तं मी. मन झाल्तं हेबी सांगितल्तं अन् न्हाई म्हणले हेबी सांगितल्तं. त्यानं इचारलं म्हणून तर न्हाई म्हणता आलं मला. त्याच्या आधी कोणी इचारलं होतं? लग्नाला इचारलं न्हाई, बाबाकडं न्यायला इचारलं न्हाई. एक बारी कोणीतरी इचारलं अन् मी माझ्या तोंडानं न्हाई म्हणले. तो म्हणला, बरं, अन् गेला. तेवढंच तर माझं होतं त्याच्यात. तेवढंच तू काढलं."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी लॅपटॉप बंद केला.

"पुढं काय केलं तिचं?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं नाही. ती काय समजायचं ते समजली.

"किती लोकांनी पाह्यलं?"

"माहीत न्हाई."

"जालन्याच्या मोंढ्यात बाजाराला असतेत तेवढे?"

"त्याहून जास्ती."

तिनं दोरा ओवला. एका फटक्यात ओवला गेला नाही, दोनदा सुटला. "उद्याला दोन ब्लाऊज द्यायचेत," म्हणाली, आणि मशीन चालू केली.

मला वाटलं, दुरुस्त करता येईल. हे कागदावरचं छापलेलं पुस्तक थोडंच आहे. अशा खेळाचं हेच तर बरं असतं, मागचा भाग कधीही बदलता येतो. मी चौथा पर्याय लिहिला: नाही. ती नाही म्हणते, तो बरं म्हणतो, गाडी जाते, ती एकटी बाकावर बसून राहते, आणि मग तिची गाडी येते. पुढं ती माहेरी येते, शिवणकाम घेते, भावाबरोबर राहते. तीसेक पानं लिहिली. चार वर्षांत त्याहून चांगलं मी काही लिहिलं नसेल.

मित्रानं वाचलं. त्याला आवडलं, असंही म्हणाला. मग म्हणाला, "ही सगळी चित्रं नव्यानं करायला मला चार महिने लागतील. अन् ह्या बाजूला एकबी तसला सीन न्हाई. कोण येणार हिकडं?"

"जे येतील ते येतील."

"यार, लोक 'न्हाई' बघायला पैसे देत न्हाईत काही. 'हो' बघायला देतेत."

शेवटी त्यानं माझ्यासाठी तीन चित्रं केली. गाडी जाते, बाई बाकावर, रिकामा प्लॅटफॉर्म. त्याखाली इंग्रजीत एक ओळ: हा रस्ता इथं संपतो. खेळणाऱ्याला तिथून मागं जाऊन दुसरा पर्याय घ्यायला लागायचा. ज्यांनी नाही निवडलं त्यांना वाटलं खेळात बिघाड आहे. तशा तक्रारी आल्या. एकानं लिहिलं, हा पर्याय ठेवायचाच होता तर त्याच्यामागं काहीतरी ठेवायचं होतं.

त्यानंतर मी लिहिणं सोडलं. मित्रानं खूप समजावलं, मग दुसरा माणूस शोधला. गोष्ट दोघांची होती, आणि पात्रं मी स्वतःच्या हातानं त्याला देऊन टाकलेली होती. ती बाई अजून त्या खेळात आहे. सातवा भाग मी बघितला. ती आता दुसऱ्याच कुणाच्या तरी वाक्यांत बोलते, चेहरा मात्र तोच, उजेड तोच. तिच्याबरोबर जे केलंय ते मी दहा मिनिटांच्या पुढं बघू शकलो नाही. मित्राला फोन केला. म्हणालो, "तिला काढ त्याच्यातून." तो म्हणाला, "तिच्यासाठीच तर लोक येतेत." त्याचा आवाज वाईट नव्हता. त्याच्या घरीही खाणारी माणसं आहेत. आम्ही नंतर बोललो नाही.

ताईनं भांडण केलं नाही. जेवायला वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची. फक्त मशीनवर बसून बोलणं बंद झालं. मी पलंगावर जाऊन बसलो की ती काहीतरी काम काढून उठायची. काही महिन्यांनी म्हणाली, जालन्यात एका ठिकाणी शाळेचे ड्रेस शिवायचं काम मिळतंय, तिथंच खोली घेते. मी म्हणालो, रोज जाऊन-येऊन कर, मीही जातोच. ती म्हणाली, "न्हाई." सामान मीच टेम्पोत चढवलं.

यंदा उन्हाळ्यात एकदा तिच्या खोलीवर गेलो. फोन न करता गेलो होतो, क्लास लवकर सुटला म्हणून. घरमालकीण ओट्यावर गहू निवडत बसली होती. मला म्हणाली, "आता बऱ्या हायेत तुमच्या ताई. दवाखान्यातून आल्या तव्हा चालताबी येत नव्हतं."

मला काहीच माहीत नव्हतं. आठवडाभर दवाखान्यात होती, ऑपरेशन झालं होतं. सही घरमालकिणीनं केली होती. मी आत गेलो. ताई भिंतीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, हातावर सुईची काळी खूण.

"मला सांगितलं कामून न्हाई?" मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

ती सहज म्हणाली, टोचून बोलावं तशी नाही, खरोखर विचार केल्यासारखी, "सांगितलं असतं तर तू लिवलं असतंस."

मी तिथंच खाली बसलो. ती उठली, एका हातानं भिंत धरून, आणि गॅसवर चहा ठेवायला लागली. मी ठेवतो म्हणालो तर बस म्हणाली. चहा झाल्यावर मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं, की हे सगळं, खेळाचं, मराठीत लिहू का. आपल्या भाषेत, आपल्या लोकांसाठी.

तिनं कप खाली ठेवला. "इचारलंस हे बरं केलं," म्हणाली. खिडकीच्या गजावर तिची ओली साडी वाळत होती, तिचं टोक ती बोटांनी चाचपत राहिली.

"स्टेशनचं लिव," ती म्हणाली. "जसं झालं तसं. दवाखान्यात कशापायी गेल्ते, काय झाल्तं मला, ते लिवू नको."

"बरं," मी म्हणालो.

ती दारापर्यंत आली नाही, टाके दुखत होते. मी चप्पल घातली. बदनापूरची गाडी निघून गेली होती, म्हणून बस स्टँडकडे चालायला लागलो.